नावाचं भाडं

चांपाघाट, गिरणीच्या लाइनीतून
४ जून

भाऊजी,

पत्राच्या माथ्यावर नमस्कार लिहायची रीत आहे. मी लिहीत नाही. राग आला तर येऊ द्या.

हे पत्र रजिस्टर केलंय. पोस्टमन तुमची सही घेईल तेव्हाच हातात देईल, म्हणजे पोचलं नाही असं म्हणायला जागा नको. फोन करून बघितला. तुम्ही तो जाऊबाईंच्या हातात देता आणि जाऊबाई 'आवाज येत नाही गं' म्हणून ठेवून देतात. लग्न होऊन बनकट्याला आले तेव्हापासून मी तुमच्याशी एक शब्द बोललेली नाही. थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही, पदर वर करायचा नाही, नाव तर मनातसुद्धा घ्यायचं नाही. सगळं पाळलं. आजही बोलत नाहीये, लिहितेय.

काल युनियनच्या ऑफिसात गेले होते. गिरणी दिवाळखोरीत निघाली हे तुम्हाला माझ्या आधी कळलेलं दिसतंय. कोर्टाने मित्रा नावाचे एक अधिकारी नेमलेत. ज्यांची मजुरी अडकली त्यांनी ऑगस्ट संपायच्या आत दावा लावावा, असं फाटकावर चिकटवलंय. लाइनीतल्या खोल्याखोल्यांतल्या सगळ्यांचे दावे युनियनचे हालदारदा भरून देतात. मी पुतुलच्या बाबांचा गिरणीतला नंबर सांगितला. हालदारदांनी संगणकात बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वहिनी, हा दावा तर आलाय. सुदामा महतो, मुक्काम बनकटा, जिल्हा सिवान. आधार, पासबुक, गिरणीचं ओळखपत्र, सगळं जोडलंय. सुदामाची तब्येत झकास दिसतेय."

बाकावरचे दोघं हसले. त्यांचा तरी काय दोष. या लाइनीत पुतुलच्या बाबांना सगळे तुमच्याच नावाने हाक मारायचे. चैत्रात हे गेले तेव्हा तुमचं नाव घेऊन माणसं रडली, आणि ज्यांचं ते नाव ते तुम्ही दाराच्या पायरीवर बसून विडी ओढत होतात.

तेराव्याला जेवून हात धुतलेत आणि तुमच्या मंटूकडून आत निरोप धाडलात, की ओळखपत्र आणि बँकेचं कार्ड द्या, नसती सरकारी भानगड होईल, मी जपून ठेवतो. मी दिलं. डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून दिलं, आणि थोरल्या दिराला नाही म्हणायची सवय नव्हती म्हणूनही दिलं. त्याच आठवड्यात खात्यातले उरलेसुरले पैसे काढलेत. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात असं माझी आई म्हणायची. मला वाटायचं, नुसती म्हण आहे.

मंटू हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेल, म्हणून त्याच्यासाठी सरळ लिहिते. मंटू, तुझे बाबा या गिरणीत थोडी वर्षं होते. मग ते गावी परतले आणि त्यांच्या जागेवर, त्यांच्याच नावाने, तुझे काका उभे राहिले. पुतुल तेव्हा जन्मालासुद्धा यायची होती. हुगळीकाठच्या गिरण्यांत हे नवं नाही. मुकादमाला ठाऊक होतं, टाइमकीपरला ठाऊक होतं, दोघांनी त्याचे पैसे खाल्ले. नाव तुझ्या बाबांचं, अंग काकांचं. तागाची धूळ गेली ती काकांच्या छातीत. नावाला खोकला होत नाही.

शेवटची दोन वर्षं गिरणी अर्धा पगार हातावर टेकवायची आणि अर्धा 'पुढच्या महिन्यात' म्हणायची. मग एके दिवशी फाटकाला कुलूप. तो थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी, एवढंच यांनी मागे ठेवलंय. पुतुलचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, फी भरली नाही तर परीक्षेला बसवत नाहीत. दुसरं काही माझ्याजवळ नाही. पेटी उघडून दाखवू?

तेव्हा तो दावा मागे घ्या. नाहीतर इथे येऊन मित्रा साहेबांना सांगा की काम कोणी केलं.

पुतुलची आई


२१ जून

भाऊजी,

तुमचं उत्तर आलं, मंटूच्या फोनवरून. पुतुलने स्पीकर लावला होता, त्यामुळे तो बोलत असताना मागून तुम्ही काय काय पढवत होतात तेही ऐकलं.

"तिला म्हणावं, थोरल्या दिराला पत्र लिहिणारी सून आपल्या सात पिढ्यांत झाली नाही."

खरंय. भावाच्या तेराव्याला कार्ड उचलून नेणारे सात पिढ्यांत किती झाले, तेही एकदा आठवून बघा.

"नोकरी माझी होती. मी त्याला दिली. माझं नाव नसतं तर रिक्षा ओढत मेला असता."

रिक्षा ओढली असती तर रोज संध्याकाळी पैसे स्वतःच्या खिशात घालून घरी आले असते. रिक्षावाल्याकडे कोणी दर वर्षी सिवानहून बोनस न्यायला येत नाही. नाव दिलंत म्हणता, ते फुकट दिलंत का? दुर्गापूजेचा बोनस वाटायची तारीख गिरणीच्या मॅनेजरच्या आधी तुम्हाला कळायची. आदल्या दिवशी दारात हजर. मी दाराबाहेर खाट टाकायची, आतून पुतुलच्या हाती चहा पाठवायची आणि दाराआड उभी राहायची. तुम्ही नोटांना थुंकी लावत म्हणायचात, "यंदा कमी आहे." समोरच्या बायका मला चिडवायच्या, "फुलेसरी, तुझा घरमालक आला गं." नोटबंदीनंतर पगार बँकेत यायला लागला तर खातं उघडायला तुम्हाला बोलावलं. येण्याजाण्याचं भाडं आम्ही दिलं, आणि त्यानंतर महिन्याला हजार रुपये वेगळे सुरू झाले, कारण आता खातंही तुमचं. बावीस वर्षं आम्ही तुमच्या नावाचं भाडं भरलं, भाऊजी. आता भाडेकरू मेला तर त्याची भांडीकुंडीही घरमालकाची?

हालदारदांनी मला नीट समजावलं. पूर्वी गिरणी विकली की बँका आधी ताटावर बसायच्या आणि मजुरांना खरकटं. आता कायदा बदललाय. गिरणी विकून पैसे वाटायची वेळ आली तर शेवटच्या दोन वर्षांची मजुरी बँकांच्या पंगतीत, त्यांच्या बरोबरीने बसते. त्याच्या आधीचं थकलेलं असेल ते मागच्या पंगतीत. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीला तर बँकेने हातच लावायचा नाही. म्हणजे हक्क पक्का आहे. फक्त तो बसलाय तुमच्या नावावर, आणि तुम्ही बसलायत त्याच्यावर. आयत्या बिळावर नागोबा.

मी विचारलं, "दादा, आता मार्ग?"

ते म्हणाले, "दोन आहेत. सोपा म्हणजे सुदामाने स्वतः येऊन सांगायचं. अवघड म्हणजे तुम्ही हरकत घ्यायची, साक्षीदार आणायचे."

साक्षीदारांचं नाव काढलं त्याच संध्याकाळी अप्पलस्वामी दारात आला. श्रीकाकुलमचा, यांच्या शेजारच्या साच्यावर ताग विणायला होता. यांच्या अंत्ययात्रेत खांदा दिलेला माणूस. तोही गिरणीत मामाच्या नावावर आहे.

"वहिनी, पाया पडतो. तू हा विषय काढलास की साहेब म्हणेल, बाकीच्यांतही असे किती आहेत ते बघू. मग सगळ्यांचेच दावे लटकतील. तू एक घास मागशील आणि आमचं ताट जाईल."

मी म्हटलं, "मग मी काय करू? गप्प बसू?"

तो म्हणाला, "दिराला मनव."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. परक्यांची ताटं वाचवायला मी तुम्हाला मनवायचं, आणि तुम्ही सात पिढ्यांचे हिशेब सांगणार. तरी मनवतेय. या इकडे. भाडं मी देते, नेहमीसारखं.

पुतुलची आई


९ जुलै

भाऊजी,

मंटू आला होता. पिशवीत सत्तू, जाऊबाईंनी घातलेलं लोणचं, दहा हजार रुपये आणि एक टाइप केलेला कागद. कागदात लिहिलं होतं की मी, अमक्याची विधवा, दिराच्या गिरणीतल्या पैशावर माझा कसलाही हक्क सांगत नाही. खाली अंगठ्यासाठी चौकोन. अंगठ्यासाठी. सातवी पास झालेय मी, तुमच्या घरात मला अजून कोणी पेन दिलं नाही एवढंच.

कागद मी चुलीत घातला. पैसे परत मंटूच्या पिशवीत टाकले. सत्तू आणि लोणचं ठेवून घेतलं, ते जाऊबाईंनी केलंय. मंटूला भात आणि मासा वाढला. पोरगं जेवलं, पण मान वर करून बघेना.

"काकी, सौदीच्या एजंटाला पैसे द्यायचेत. बाबा म्हणतात, गिरणीचे आले की देऊ."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला कोण विचारतं?"

तेवढं बोलून त्याने ताट धुवायला घेतलं. मुलगा वाईट नाही तुमचा, हे तुम्हाला सांगून ठेवते.

मग बोलता बोलता म्हणाला, "बाबांनी आजीच्या आजारपणात नोकरीवर लाथ मारली. काकांना आयती मिळाली."

भाऊजी, मी त्याला काही बोलले नाही. जिभेवर आलेलं परत गिळलं. पण इथे लिहिते, आणि हे पान मंटूला वाचायला देऊ नका, स्वतः वाचा. अक्षर मोठं काढते.

सासूबाईंचं आजारपण त्यानंतर दोन वर्षांनी आलं. तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा हात यंत्राने ओढून नेला, तुमच्या अंगावर रक्त उडालं, त्यानंतर तुमच्याने फाटकातून आत पाऊल टाकवेना. डबा घेऊन घरातून निघायचात आणि पाळी संपेपर्यंत घाटावर बसायचात. हे तुम्हाला शोधत घाटावर आले. तुम्ही रडलात. हे म्हणाले, "दादा, तू गावी जा. तुझ्या जागी मी जातो." दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रावर उभे राहिले. बनकट्यात कोणाला काही कळू दिलं नाही. मला एकदाच सांगितलं, तेही गळ्याची शपथ घालून, की दादाची मान खाली जाईल असं बोलायचं नाही.

भिण्यात लाज कसली? मीही भ्याले असते. हात गेलेला बघून न भिणारा माणूस मला बघायचाही नाही. पण ज्या जागेला तुम्ही भ्यालात तिथे तो तुमच्याऐवजी उभा राहिला, आणि आज त्या जागेची मजुरी मागायला मात्र तुमच्या पायात बळ आलं. याचा मला राग आहे. असा राग आहे की भाकरी थापताना हात आपटतो आणि पुतुल म्हणते, "आई, पिठाने काय केलंय तुझं?"

शपथ मी मोडली. यांना सांगेन वर गेल्यावर.

पुतुलची आई


२६ जुलै

भाऊजी,

तुम्ही काही उत्तर दिलं नाहीत. पोचपावतीवर सही मात्र आहे, ठळक.

बरं. तुमचंच खरं मानते. गिरणीत काम केलं ते तुम्ही. बावीस वर्षं साच्यावर उभे होतात ते तुम्ही. नंबर तुमचा, खातं तुमचं, मजुरी तुमची. मी उगीच भांडले.

आता सोबत जोडलेला कागद वाचा. मूळ माझ्याकडे आहे, ही झेरॉक्स.

परवा पुतुलच्या कॉलेजात पुन्हा फीचा विषय निघाला. घरी आली ती फणफणत. पेटीतून तिचा जन्माचा दाखला काढला आणि माझ्यासमोर आपटला. "आई, मोठ्या बाबांना एकदा विचार तरी, मी कोणाची म्हणून?" तो कागद मी आयुष्यभर बघत आलेय, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

तुम्हाला आठवत नसेल. पुतुलच्या वेळी मला कामगार विम्याच्या दवाखान्यात नेलं होतं. कार्डावर कामगाराच्या बायकोचं नाव असतं, आणि कामगार तुम्ही, म्हणजे बायको जाऊबाई. नर्सने विचारलं, "नाव काय?" यांनी सांगितलं, "राजकली देवी." मी कळा देत होते आणि नर्स ओरडत होती, "राजकली, जोर लाव." मी जोर लावला. मूल झालं ते राजकलीला. दाखल्यावर तेच छापून आलं. बाप सुदामा महतो, आई राजकली देवी. तोच दाखला शाळेत दिला, त्यावरूनच आधार निघालं, तेच कॉलेजात लागलं. लाइनीतल्या निम्म्या पोरांचं असंच आहे, कोणाला त्यात काही वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

(तुमचं नाव वर आलंय ते मी घेतलेलं नाही. आधीच्या पत्रांत होतं ते हालदारदांच्या तोंडचं, आताचं दाखल्यावरून उतरवलंय. तरी पाप लागत असेल तर लागो.)

तेव्हा अभिनंदन. तुम्हाला एक मुलगी आहे. वीस वर्षांची, नाकीडोळी नीटस, रागाने माझ्यावर गेलीय. जाऊबाईंना विचारा, बाळंतपण जड गेलं का सोपं. मंटूला सांगा, तुला सख्खी बहीण आहे, राखीची सोय झाली. तिच्या नर्सिंगची फी बापाने भरायची असते, ती दहा तारखेच्या आत पाठवा. लग्नाचंही बापालाच बघायचं. आणि बनकट्याची जमीन वडिलोपार्जित आहे. हालदारदांना विचारून घेतलं, हल्ली मुलीचा वाटा मुलाएवढाच असतो. मंटूला जमिनीचे जेवढे कट्ठे, तेवढेच पुतुलला. विहिरीकडची बाजू तिला आवडेल असं वाटतं.

हे ऐकून हालदारदांना चहाचा ठसका लागला. खोकून झाल्यावर म्हणाले, "वहिनी, वकील व्हायला हवं होतं तुम्ही." मी म्हटलं, "दादा, मी तर अजून बाळंतीणसुद्धा झाले नाही, कागदावर."

हसले सगळे. मला हसू आलं नाही. स्वतःची पोर दुसऱ्याच्या नावावर आहे हे हत्यार म्हणून वापरावं लागतंय, यात हसण्यासारखं काय आहे? पुतुल तर एक दिवस जेवली नाही. म्हणाली, "माझा बाप मेलाय. मला दुसरा नको, खोटा तर नकोच." मी तिला समजावलं की तुला कुठे पाठवत नाही मी, फक्त त्यांना दाखवतेय.

दोन डगरींवर हात ठेवता येत नाहीत, भाऊजी. गिरणीतला माणूस तुम्ही असाल तर त्याची मजुरी तुमची आणि त्याची मुलगीही तुमची. मुलगी तुमची नसेल तर तो माणूस तुम्ही नाही, आणि मजुरीही तुमची नाही. काय ते एक ठरवा. अठरा ऑगस्टला मित्रा साहेब इथल्या युनियनच्या ऑफिसात येऊन बसणार आहेत, ज्यांच्या दाव्यांत घोळ आहे त्यांचं ऐकायला. त्या दिवशी तुम्ही इथे दिसला नाहीत, तर छठपूजेला मी पुतुलला घेऊन बनकट्याला येते. आधी मुखियाच्या दारात, मग जमिनीच्या कचेरीत.

धमकी समजा. धमकीच आहे.

पुतुलची आई


२२ ऑगस्ट

भाऊजी,

तुम्ही साहेबांसमोरून उठलात ते सरळ स्टेशनवर गेलात. पाणीही घेतलं नाहीत. मागे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं म्हणून हे पत्र.

आधी एक कबूल करते. तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं. जमिनीसाठी आलात हे ठाऊक आहे, माझ्या अक्षराला भुलून नाही. तरी युनियनच्या ऑफिसच्या दारात तुम्हाला बघितलं आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला. एवढ्या वर्षांची खोड आहे. मग तो हात मी तिथेच धरून ठेवला. तुम्ही माझं तोंड पहिल्यांदा बघितलंत आणि पाठ फिरवून बसलात. साहेबांना कळेना, की साक्षीदार भिंतीकडे बघून का बोलतोय. हालदारदांनी त्यांना रीत समजावली. साहेब कोलकात्याचे, ते म्हणाले, "ठीक आहे, भिंतीकडे बघून खरं बोला."

त्यांनी विचारलं, "गिरणी कधी सोडलीत?" तुम्ही सांगितलंत.

"का सोडलीत?"

मंटू शेजारी उभा. मला वाटलं, आता सासूबाईंचं आजारपण येणार. मनात म्हटलं, आलं तर मी आज सगळं बोलून टाकेन, शपथ तर मोडलीच आहे. आणि तुम्ही भिंतीला म्हणालात, "भीती वाटली साहेब. माणसाचा हात गेला माझ्यासमोर. मग माझ्या धाकट्याने माझी जागा घेतली. काम त्याने केलं."

मुलासमोर बोललात हे. माझा राग तेवढ्याने एक घोट कमी झाला. एकच. बाकी भांडं भरलेलं आहे.

मग तुमची सही झाली आणि तुम्ही उठून गेलात. पुढचं तुम्ही ऐकलं नाही.

साहेब माझ्याकडे वळले. "आता बाई, काम करणाऱ्याचं नाव सांगा." शेजारी त्यांची टाइप करणारी मुलगी बोटं वर धरून थांबलेली.

मला येईना. नवऱ्याचं नाव मी कधी घेतलेलं नाही. आपल्याकडे कोणती बाई घेते? गिरणीत त्यांना तुमच्या नावाने हाक मारत, तेही घ्यायचं नाही. म्हणजे माझ्या माणसाची दोन नावं, आणि दोन्ही माझ्या तोंडाला बंद. आयुष्यभर 'पुतुलचे बाबा' आणि 'अहो' यावर भागवलं. पुतुल म्हणाली, "साहेब, मी सांगते." मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, तू थांब.

मी म्हणाले, "बिंदेसर महतो."

साहेब म्हणाले, "जरा मोठ्याने." मी परत म्हणाले. ती टाइप करणारी मुलगी नाव चुकली, साहेबांनी तिला खोडायला लावलं आणि मला म्हणाले, "पुन्हा एकदा, सावकाश." तिसऱ्यांदा मी असं म्हणाले की दाराबाहेरच्या रांगेने वळून बघितलं. अप्पलस्वामी शेवटी उभा होता, त्यालाही ऐकू गेलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते रागाचं होतं. या गिरणीत बावीस वर्षं उभा राहिलेला माणूस, आणि त्याचं नाव त्या आवारात पहिल्यांदा उच्चारलं गेलं ते तो मेल्यावर, गिरणीही मेल्यावर, आणि तेही टाइप करणारी चुकली म्हणून तीनदा.

साहेबांनी शब्द काही दिला नाही. म्हणाले, "काम गिरणीने करून घेतलंय, तर मजुरी कोणालातरी द्यावी लागेलच. नाव दुसऱ्याचं होतं हे गिरणीलाही ठाऊक होतं. लिहून घेतलंय, तपासतो." पैसे कधी मिळतील, रुपयाला किती पैसे मिळतील, कोणी सांगत नाही. गिरणीला गिऱ्हाईक मिळायला हवं, मग वाटणी. हालदारदा म्हणतात, वर्ष धरा, दोनही धरा. पुतुलची फी तोवर युनियनच्या पतपेढीतून उचललीय, हालदारदा जामीन राहिलेत.

अप्पलस्वामी मला शिव्या घालेल असं वाटलं होतं. साहेबांनी बाहेर येऊन सांगितलं, की ज्यांच्या नावाचा धनी स्वतः येऊन खरं सांगेल त्यांचं असंच लिहून घेतलं जाईल. तेव्हापासून माझ्या दारात रांग आहे. अप्पलस्वामी सगळ्यात पुढे. "वहिनी, तुझ्या दिराला लिहिलंस तसं एक माझ्या मामाला लिहून दे. शिव्या जरा कमी घाल, मामा म्हातारा आहे." त्याची भाषा तेलुगू, मी लिहिणार हिंदीत, वाचणार कोण कुणास ठाऊक. पण कालपर्यंत चार लिहिली.

आता तुमचं. बँकेचं कार्ड मंटूकडून पाठवून द्या. चैत्रात जे काढलेत ते परत करा, एकदम नसेल तर थोडं थोडं. मंटूच्या एजंटाला एक पैसा देऊ नका, तो माणूस लबाड आहे असं इथे दोघांनी सांगितलं. पुतुलच्या दाखल्यावरचं नाव बदलायला तुमची सही लागेल. मी तिला म्हटलं, मागून घेऊ लगेच. ती म्हणते, "राहू दे आई. पैसे हातात पडेपर्यंत राहू दे." माझ्यावर गेलीय म्हटलं ते खोटं नाही.

या वर्षी बोनस नाही. कधीच नसणार. तरी पूजेला यायची तुमची सवय आहे, पाय वळले तर या, मी अडवणार नाही. पण दाराबाहेर खाट टाकणार नाही. आत येऊन बसायचं, माझ्यासमोर, तोंडाकडे बघून. चहा मी स्वतःच्या हाताने देईन. आणि मग बोलेन. बावीस वर्षांचं साठलंय, गाडी चुकेल तुमची.

फुलेसरी
बिंदेसर महतो यांची बायको